कोंबड्यांवरून शेजारी पुन्हा पुन्हा तक्रार करतात? आधी तक्रारीची वेळ विचारा

परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांना हे चक्र ठाऊक असतं. शेजारून तक्रार येते. आपण खुराडं धुऊन काढतो, चार अंडी नेऊन देतो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा गडग्यापलीकडून हाक येते, ‘‘अहो, त्या कोंबड्यांचं काहीतरी बघा.’’ पुन्हा धुणं, पुन्हा अंडी. असं वर्षभर चालतं आणि मग एक दिवस ग्रामपंचायतीत अर्ज पडतो.

तक्रार परत येते, कारण ‘कोंबड्यांचा त्रास’ या दोन शब्दांत बरंच काही भरलेलं असतं. कुणाला वास नकोसा होतो, कुणाची झोपमोड होते, कुणाची मेथी उकरलेली असते, कुणाला उंदरांची धास्ती असते. वासाने वैतागलेल्या माणसासाठी तुम्ही कोंबडा विकून टाकलात, तर कोंबडाही गेला आणि तक्रारही जागची हलली नाही. म्हणून तक्रार आली की माफी मागण्याच्या घाईत न पडता शांतपणे विचारा, ‘‘वहिनी, त्रास नेमका कधी होतो? पहाटे, दुपारी, की रात्री? पाऊस पडून गेल्यावर जास्त होतो का?’’ मिळालेली वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन नोंदी झाल्या की कारण आपोआप दिसायला लागतं. वेळ कळली नाही तर उपाय अंदाजाने होतो, आणि अंदाजाने केलेला उपाय टिकत नाही.

आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडे मागीलदारी कोंबड्या असणं ही पिढ्यांची रीत आहे. आता गावाला लागून दोन-दोन, तीन-तीन गुंठ्यांचे प्लॉट पडलेत. पूर्वी दोन घरांमध्ये माड-पोफळीची बाग असायची, आता खुराड्यापासून दहा फुटांवर कुणाच्यातरी झोपायच्या खोलीची खिडकी आहे. कोंबड्या त्याच आहेत, अंतर कमी झालंय. तेव्हा पाळण्याची पद्धत बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. अंतर कमी असतानाही पक्षी नीट पाळता येतात.

वेळ पहाटे चार: कोंबडा

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’ ही म्हण सगळ्यांना पाठ आहे, पण झाकलेलं कोंबडंही वेळेवर आरवतंच, हे पाळणाऱ्यालाच माहीत असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली हे तपासून दाखवलं. सतत एकसारख्या मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण दिवसाच्याच अंतराने आरवत राहिले, कारण त्यांच्या शरीरात स्वतःचं घड्याळ असतं. उजाडण्याच्या दोनेक तास आधीपासून ते आरवायला लागतात. म्हणजे सूर्योदय सहा-साडेसहाला असेल तर चार-साडेचारची बांग ठरलेलीच. त्याच संशोधकांना २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली. कळपात मानाने जो वरचा कोंबडा असतो तो पहिला आरवतो, बाकीचे त्याच्यामागून, आपापल्या मानाच्या क्रमाने. वरच्याला काढला तर दुसरा पहिला होतो.

याचा आपल्याला थेट उपयोग आहे. दोन कोंबडे असतील तर एक काढल्याने आवाज निम्माच कमी होतो असं समजू नका, तो त्याहून जास्त कमी होतो. एकाला उत्तर द्यायला दुसरा उरत नाही, त्यामुळे बांगांची साखळीच तुटते. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. आणि अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं काढायची असतील तरच लागतो. नुसती अंडी हवी असतील तर दाट वस्तीत माद्याच ठेवा, आणि कधी रवण, म्हणजे अंडी उबवायला कोंबडी, बसवावीशी वाटली तर फळणारी अंडी गावातल्या ओळखीच्या घरून आणा. खुडूक कोंबडीला अंडी कुणाची आहेत याने फरक पडत नाही.

पण कोकणात कोंबडा सगळ्यांनाच काढता येत नाही, हेही खरं. कुणाकडे देवाच्या राखणीचा असतो, कुणी नवस बोललेला असतो. अशा वेळी रात्रीची जागा बदला. कोंबड्याला मान उंच ताणून आरवायची सवय असते. रात्री तो बुटक्या, अंधाऱ्या पण हवेशीर पेटीत बसला, तर बांगा कमी होतात आणि आवाजही दबतो. पेटीच्या वरच्या बाजूला आतून जुनी गोधडी किंवा गोणपाट लावावं, हवेची भोकं शेजाऱ्याच्या खिडकीच्या उलट दिशेला ठेवावीत. सकाळी साडेसहा-सातला पेटी उघडायची. एप्रिल-मेच्या उकाड्यात ही पेटी वापरू नका. बंद जागेत पक्षी उष्म्याने मरतो. विदर्भ-मराठवाड्याकडच्या लोकांनी तर उन्हाळ्यात हा विचारच सोडावा.

दिव्यांकडेही बघा. शरीरातलं घड्याळ असलं तरी उजेड आणि आवाज यांनी कोंबडा चेकाळतो, आणि पहाटेच्या सुमारास जास्तच. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत, पहाटे दूध आणायला निघालेल्या मोटारसायकलचा प्रकाश खुराड्यात शिरत असेल तर त्या बाजूला पत्रा किंवा झापं उभी करा. कोंबड्याच्या मानेला पट्टा बांधून आवाज बंद करण्याचा एक उपाय लोक सांगतात. तो करू नका. पट्टा जरा घट्ट झाला की श्वास कोंडतो, आणि कोंबडा दाणे खातो तेव्हा त्याची गळ्याशी असलेली पिशवी भरून फुगते, हे पट्टा बांधणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

वेळ सकाळ, पाऊस पडून गेल्यावर: वास

सगळ्यात जास्त वेळा परत येणारी तक्रार हीच, आणि सगळ्यात चुकीचा उपायही हिच्यावरच होतो. लोक खुराडं पाण्याने धुतात.

कोंबडीची विष्ठा सुकी असेल तर तिला फारसा वास नसतो. तिच्यातल्या युरिक आम्लाचा अमोनिया जिवाणू करतात आणि त्यांना त्यासाठी ओल लागते. म्हणजे धुण्याने आपण त्यांना हवं तेच पुरवतो. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीनचतुर्थांश पाणीच असतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा इथे वासावरचं सगळं काम एकाच दिशेने करायचं: सुकं ठेवायचं.

आणखी एक अडचण आहे. रोज खुराड्याशी वावरणाऱ्याच्या नाकाला तो वास कळेनासा होतो. ‘मला तर येत नाही’ हे आपलं म्हणणं खरंच असतं, पण ते शेजाऱ्याला लागू होत नाही. दोन दिवस परगावी राहून आलात की घरात शिरण्याआधी खुराड्यापाशी जाऊन हुंगा. नाहीतर बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारा.

खुराड्यात गादी पद्धत करा. जमिनीवर चार ते सहा इंच भाताचं तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं किंवा वाळका पाला पसरायचा. आमच्याकडे नारळाच्या सोडणांचा भुगा सहज मिळतो, तो ओल फार चांगली शोषतो. आठवड्यातून दोनदा काठीने गादी वरखाली करायची. ओल तपासायला मूठभर गादी हातात घ्या आणि दाबा. मूठ उघडल्यावर ती हळूहळू सुटून पडली तर ठीक. लाडवासारखी गोळा होऊन राहिली तर ओली झाली, तो भाग काढा आणि नवं सुकं तूस घाला. दाबल्यावर अजिबातच धरली नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी आहे, पण पावसाळ्यात हे व्हायचं नाही.

इथे चुन्याबद्दल सांगायलाच हवं, कारण जो तो ‘चुना मारा’ म्हणतो. ओल्या गादीत चुना मिसळला तर अमोनिया जास्त मोकळा होतो आणि दोन दिवस वास उलट वाढतो. शेजारी नेमका तेव्हाच खिडकी उघडतो. राखेचंही तसंच. आधी ओली गादी पूर्ण उचला, जमीन सुकू द्या, मग जमिनीवर विरलेल्या चुन्याची पातळ भुकटी मारा आणि वर सुकी गादी अंथरा. राख टाकायचीच असेल तर कोंबड्यांच्या धूळआंघोळीच्या खड्ड्यात टाका, तिथे ती उवांवर कामाची आहे.

ओल येते कुठून, तेही शोधा. बहुतेक खुराड्यांत ती पावसाने येत नाही, पाण्याच्या भांड्याने येते. जमिनीवर ठेवलेल्या पसरट ताटलीत कोंबड्या पाय घालतात, उकरतात, सांडतात. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर चिऱ्यावर ठेवा किंवा टांगा. निपल बसवलेली पाण्याची बाटली मिळते, ती सर्वांत बरी. मग छप्पर बघा. तिरका पाऊस आत येऊ नये म्हणून पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट यायला हवा. पश्चिमेकडून ताडपत्री लावा, पण वर वीतभर फट सोडा, नाहीतर आतली दमट हवा आतच राहील.

विष्ठेचा मोठा वाटा रात्री, कोंबड्या बसतात त्या दांडीखाली पडतो. दांडीखाली एक जुना पत्रा ठेवा, त्यावर वाळका पाला टाका आणि रोज सकाळी तेवढाच पत्रा खरवडून खतात टाका. पाच मिनिटांचं काम आहे. एवढं एकच केलं तरी वासाची तक्रार बरीचशी मिटते, आणि इतर काही जमत नसेल तर निदान हे तरी कराच.

मासे साफ केल्यावरची घाण कोंबड्यांना टाकायची आपल्याकडे सवय आहे. कोंबड्या ती आवडीने खातात, पण सगळी संपवत नाहीत. उरलेल्या बांगड्याच्या डोक्यांचा वास आणि त्यावर आलेली मांजरं, याचा दोष सरसकट कोंबड्यांवर जातो. स्वयंपाकघरातलं काहीही टाका, पण पंधरा-वीस मिनिटांत संपेल इतकंच, आणि उरलेलं उचला.

जागा अजून ठरायची असेल तर वाऱ्याचा विचार करा. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. ज्या शेजाऱ्याचं घर तुमच्या खुराड्याच्या ईशान्येला किंवा पूर्वेला आहे त्याला चार महिने सगळा वास जाणार. तिथून खुराडं हलवता येत असेल तर पावसाळ्याआधी हलवा.

दुपारच्या माश्या ही याच ओलीची पुढची पायरी आहे. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या उबेत माशीचं अंड्यापासून माशी होणं आठ-दहा दिवसांत उरकतं. ओली विष्ठा दर चार दिवसांनी काढून झाकलेल्या खतात टाकली तर अळ्या माशी व्हायच्या आतच हलतात. फवारणीने आजच्या माश्या मरतील, उद्याच्या अळ्या तशाच राहतील, आणि विषारी अळ्या-माश्या कोंबड्या टिपतील ते वेगळंच.

वेळ दिवसभर: भटकणाऱ्या कोंबड्या

चैत्र-वैशाखात शेजारच्या खळ्यात सोलं, मिरच्या, कुरडया वाळत असतात. तुमची एक तलंग तिथे गेली आणि दोन पायांनी उकरून निघाली, तर त्या वाळवणावरची दोन दिवसांची मेहनत जाते. स्कूटरच्या सीटवर कोंबडी बसली की तिथे पांढरट-हिरवा डाग राहतो, आणि त्या घरचा माणूस तो ऑफिसला निघताना पाहतो. त्यातून होणारी चिडचिड मला पूर्ण रास्त वाटते.

इथे सर्वांत चांगला उपाय वेळेचाच आहे. कोंबड्या दुपारपर्यंत आतच ठेवा आणि चार-साडेचारला सोडा. संध्याकाळ जवळ आलेली असल्याने त्या लांब जात नाहीत आणि तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात येतात. दुसरा फायदा असा की बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडं घालतात, त्यामुळे अंडी आपल्याच घरात राहतात. शेजारच्या मांगरात म्हणजे शेतावरच्या खोपटात, लाकडांच्या ढिगाऱ्यात घातलेलं अंडं कुणाचं, यावरून चांगल्या घरांत अबोला धरलेला मी पाहिलाय.

कुंपण घालायचं तर सहा फूट उंच हवं. देशी कोंबडी चार फुटांचा गडगा सहज ओलांडते. किनाऱ्याकडे जुनी मासेमारीची जाळी स्वस्तात मिळते, ती वर लावायला उत्तम. खालचे दोन फूट मात्र तारेची जाळी लावा, कारण मासळीच्या जाळ्यात साप अडकून पडतात आणि मग कुणालाच जवळ जाता येत नाही. गिरिराज, वनराज अशा वजनदार जाती उडत नाहीत, त्यांच्यासाठी साडेचार फूट पुरतात. देशी कोंबडीचे पंख छाटायचे तर एकाच बाजूच्या पंखाची टोकाकडची दहा मोठी पिसं कापायची. तोल जातो म्हणून उडता येत नाही. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त असतं, ते कापू नका. पिसं झडून नवी आली की पुन्हा छाटावी लागतात, आणि इथेच बरेच जण विसरतात.

वेळ रात्र: उंदीर

उंदरांना कोंबडी नको असते, तिचं खाद्य हवं असतं. मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं. दोन वेळा मोजून घाला, संध्याकाळी भांडं उचला, पोतं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डमेश लावा, नेहमीच्या षटकोनी जाळीतून उंदराची पिल्लं सहज जातात. उंदरांचं औषध टाकू नका, मेलेला उंदीर कोंबडीने टोचला की तीही जाते आणि शेजारचं मांजरही. उंदीर कमी झाले की धामण-नागांचं येणंही कमी होतं. शेजारची आजी सापाला घाबरून बोलत असेल तर तिला हे समजावून सांगा आणि डबा दाखवा.

वेळच सांगता येत नाही तेव्हा

कधी शेजारी वेळ सांगू शकत नाहीत. ‘‘कधी नाही, पण नकोच वाटतं,’’ असं म्हणतात. घरात माळकरी असतील, जैन असतील, किंवा मांसाहार वर्ज्य असेल, तर त्रास वासाचा-आवाजाचा नसतो. अशा घरी अंडी घेऊन जाऊ नका. न विचारता नेलेली अंडी तिथे जखमेवर मीठ ठरतात. दोन-तीन महिने मुरलेलं खत द्या, त्यांच्या माडाच्या आळ्यात स्वतः घालून द्या. कच्चं खत देऊ नका, त्याने रोपं करपतात. कोंबडी कापायची वेळ आली तर शेजाऱ्याच्या खिडकीसमोर, नळावर कापू नका. पिसं आणि आतडी दोन फूट खोल पुरा. आखाडात आणि शिमग्यात याकडे जास्त लक्ष द्या.

दुसरं कारण बर्ड फ्लूची भीती, आणि ती उगाच नाही. देशातली पहिली मोठी साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरलाच सापडली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात ती आली तेव्हा भोवतालच्या एक किलोमीटर परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले होते, अगदी घरगुती चार-पाच कोंबड्यासुद्धा. म्हणून एकदोन दिवसांत बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या, तुरे निळे-काळे पडले, तर मेलेले पक्षी वहाळात टाकू नका आणि शिजवूनही खाऊ नका. हातमोजे न घालता हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि शेजाऱ्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगा. मानमोडी म्हणजे राणीखेतही असेच पक्षी मारते, ती आटोक्यात ठेवायला लस आहे. लासोटा या लशीचा थेंब पिल्लं आठवड्याची व्हायच्या सुमारास, आर-टू-बी ही दुसरी लस आठव्या आठवड्याच्या सुमारास. लशीच्या तारखा लिहिलेली वही शेजाऱ्याला दाखवली की त्याच्या मनातली अर्धी भीती तिथेच उतरते.

प्रकरण अर्जापर्यंत गेलं तर

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पहाटे चारची बांग त्यात बसत नाही, हे मान्य करून बोलायला जा. सार्वजनिक उपद्रवाबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी आदेश देऊ शकतात, पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर कोंबड्या पाळायला परवानगी लागते का, हे खुराडं बांधायच्या आधीच तिथल्या आरोग्य विभागात विचारा. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर सहा ते आठ माद्यांपलीकडे जाऊ नये, असं मी सगळ्यांना सांगते.

नोटीस आली तर वाद घालायला जाऊ नका. कॅलेंडरवरच्या तक्रारींच्या वेळा, गादी बदलल्याच्या तारखा, लशींची वही बरोबर घेऊन जा. सरपंच किंवा पोलीस पाटलांसमोर शेजाऱ्यालाही बसवा. कोंबडा आठ दिवसांत गावी पाठवतो, खुराडं पूर्वेच्या भिंतीपासून हलवतो, माद्या दुपारी चारनंतरच सोडतो, असं एकेक कबूल करा आणि त्या बदल्यात माद्या ठेवायला त्यांची हरकत नाही हे त्याच कागदावर लिहून घ्या. कागदाची एक प्रत शेजाऱ्याला द्या आणि महिन्याभराने तुम्हीच जाऊन विचारा, वास कमी झाला का.